नव्या वास्तूत रडगाणं नको

सरकारी इमारतीतल्या जुन्या सभागृहाचं नूतनीकरण अंगावर घेऊ नये. घेतलंच, तर नातेवाइकांत सांगू नये. आणि सांगितलंच, तर त्याच सभागृहात दर महिन्याला भांडायला जाणारी आत्या निदान आपल्या घरात राहत असू नये. माझ्या नशिबी हे तिन्ही एकदम आलं.

चांदवलीचं जिल्हाधिकारी कार्यालय म्हणजे जुन्या संस्थानिकांचा वाडा. मधोमध दरबार हॉल. संस्थान गेलं, राजाच्या जागी कलेक्टर बसू लागले, हॉल तोच राहिला. व्यासपीठावरच्या घुमटाची रचना अशी, की वर बसलेल्याचं साधं खाकरणंही शेवटच्या खांबापर्यंत जायचं, आणि खालच्या माणसाचं बोलणं वर पोचेपर्यंत त्याचा नुसता घुमारा उरायचा. ज्यानं बांधलं त्याला तेच हवं असणार. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी याच हॉलमध्ये लोकशाही दिन भरायचा. जिल्हाभरातून माणसं तक्रारी घेऊन यायची, घसा ताणून ओरडायची, आणि वरून साहेब कानाशी हात नेऊन ‘काय?’ म्हणायचे.

त्या ओरडणाऱ्यांत माझी इंदूआत्या पहिल्या रांगेत. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आयुष्यभर खोलेवाडीच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. अर्धी वाडी तिच्या हातावर जन्मली. ती निवृत्त होऊन माझ्याकडे आली आणि मागोमाग ‘इमारत धोकादायक’ म्हणून उपकेंद्राच्या बाळंतपणाच्या खोलीला कुलूप लागलं. तेव्हापासून वाडीतल्या बायका घाट उतरून जीपनं तालुक्याला येतात. एकीचं बाळंतपण घाटातच झालं. त्या दिवसापासून आत्याचं एकच पुराण: सकाळी चहाबरोबर, संध्याकाळी भाकरी थापताना. ते सुरू झालं की मी मान डोलवायची आणि लॅपटॉपवर नकाशे बघायची. मोडकळीस आलेली सरकारी इमारत दुरुस्त होत नाही, यात मला नवीन काय होतं?

जुन्या इमारतींचं जतन हा माझा व्यवसाय, म्हणून हॉलचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या बैठकीला प्रत्येकाला काहीतरी हवं होतं. पुरातत्त्ववाल्यांना चुन्याच्या गिलाव्याला बोट लागायला नको होतं. अग्निशमनवाल्यांना महिरपीतून लाल पाइप न्यायचा होता. कुणाला दारात सेल्फी पॉइंट हवा होता. सार्वजनिक बांधकामचे कार्यकारी अभियंता दिगंबर नलवडे यांना फॉल्स सीलिंग हवं होतं, तेही नक्षीकाम केलेल्या सागवानी छताखाली.

“मेन्टेनन्सला बरं पडतं, मॅडम,” ते म्हणाले. मी समोरचं पाणी प्यायले आणि दहा आकडे मोजले.

या सगळ्यातून वाट निघाली ती ध्वनिपटलांमुळे. गोंगाट गाळणारे हेडफोन आता शाळेतली पोरंही वापरतात. आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्या बरोबर उलटी लाट सोडली, म्हणजे तिच्या उंचवट्यावर खळगा आणि खळग्यावर उंचवटा येईल अशी, की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि शांतता उरते. हेडफोनला हे दोन कानांपुरतं करायचं असतं. अख्ख्या दालनात करायचं, तर भिंतच कान आणि भिंतच तोंड व्हायला हवी. अलीकडे तेही जमलंय. कागदासारखं पातळ पटल, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे हजारो पडदे. प्रत्येक पडदा ऐकतो, थरथरतो आणि शेजाऱ्यांशी बोलून ठरवतो की हा आवाज विझवायचा की पुढच्या पडद्याकडे सोपवायचा. गिलाव्यावर चुन्याच्याच रंगाचं हे अस्तर लावायचं, उद्या नको झालं तर सोलून काढायचं. कोपऱ्यातली म्हातारी हळू बोलली तरी व्यासपीठावर शेजारी बसल्यासारखी ऐकू येणार. पुरातत्त्व खूश, मीही खूश. आत्याला सांगितलं, “आता तुला ओरडायला नको.”

“बघू,” ती म्हणाली. सरकारी कामाबद्दल ती याहून जास्त कौतुक करत नाही.

खरी गोम पुढेच आहे. कोणता आवाज पोचवायचा आणि कोणता विझवायचा, हे भिंतीला कसं कळणार? याचे नियम लिहिता येत नाहीत, म्हणून ती शिकते. सुरुवातीचे काही आठवडे ती नुसती ऐकते. कोण बोलताना सभागृह गप्प होतं, माना कुणाकडे वळतात, टाळ्या कशावर पडतात, हे टिपते आणि त्यावरून बोलणं कसं असतं ते ठरवते. बाकीचा सगळा गोंगाट. शिकून झालं आणि वास्तुविशारदानं, म्हणजे मी, हस्तांतरणाची सही केली, की तिची स्मृती कायमची मोहोरबंद होते. पुढे कुणा सत्ताधाऱ्यानं आपल्याला नको तो आवाज विझवू नये, म्हणून ही काळजी. बोलायला किती शहाणपणाचं वाटतं.

कंपनीचा इंजिनिअर इरफान शिकलगार हा शब्द मोजून खर्च करणारा माणूस. त्यानं बजावून सांगितलं होतं, की शिकवणी खऱ्या सुनावण्यांवरच व्हायला हवी. मी ते बैठकीत मांडलं. नलवड्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बारशाला पांढरी साडी नेसून आले होते.

“मॅडम, पाडव्याला उद्घाटन, आणि पहिलाच कार्यक्रम तक्रारींचा? नव्या वास्तूत रडगाणं? वास्तू तथास्तु म्हणत असते हो.”

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना हलल्या. त्यात भौतिकशास्त्राचे दोन पदवीधर होते. मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. शेवटी कलेक्टर साहेब, मयूरेश दातीर नावाचे तरुण आणि सभ्य गृहस्थ, म्हणाले, “लोकांच्या भावनेचा प्रश्न आहे. महिना-दोन महिने शुभ कार्यक्रम होऊ द्या. लोकशाही दिन तोवर पार्किंगमध्ये मांडव घालून घेऊ.”

मग शुभ कार्यक्रमांचा पूर आला. सेवानिवृत्तीचे सत्कार, आदर्श ग्रामसेवक पुरस्कार, पालकमंत्र्यांचा वाढदिवस, पालकमंत्र्यांच्या वाढदिवसाला आलेल्यांचा सत्कार. ‘सन्माननीय व्यासपीठ’, ‘ज्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाखाली’, ‘दोन शब्द बोलून मी माझे भाषण संपवतो’. भिंती लक्ष देऊन ऐकत होत्या. नव्या वास्तूत कुणीही वावगा शब्द काढला नाही. चहा सांडला तरी लोक हसून घेत. वास्तू खरोखरच तथास्तु म्हणायला बसलीये, हे मी येईल त्याला सांगत होते. माझा मुद्दा पटला म्हणून लोक आदरानं भिंतीला नमस्कार करायचे.

जूनच्या लोकशाही दिनाला मी वरच्या सज्जात बसले. पूर्वी राण्या तिथून जाळीआडून दरबार बघायच्या. पहिला माणूस उठला, हातवारे करत बोलू लागला, त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. हॉलमध्ये मात्र टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. त्याचा चढा, तुटक, भांडका सूर भिंतींनी बरोबर ओळखला होता आणि व्यासपीठापर्यंत पोचण्याआधीच विझवला होता. साहेब प्रसन्न चेहऱ्यानं त्याच्याकडे बघत होते. तो थांबल्यावर म्हणाले, “धन्यवाद. पुढचे?”

आत्याची पाळी आली. तिचा आवाज म्हणजे अख्ख्या वाडीला हाक मारून लस घ्यायला लावणारा आवाज. ती बोलली. तिचं तोंड हलताना मला दिसलं. समोरच्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही हे बघून ती थांबली, पुन्हा बोलली, मग हात गळ्याशी नेला आणि खाली बसली.

मी तरातरा साहेबांच्या दालनात गेले. “मला तर सगळं व्यवस्थित ऐकू आलं,” ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. जे कानावर आलंच नाही, ते आलं नाही हे माणसाला कळणार कसं?

“इतका शांत लोकशाही दिन मी उभ्या नोकरीत पाहिला नाही,” शेजारी बसलेले नलवडे म्हणाले. “मंत्रालयातून फोन होता. प्रत्येक जिल्ह्यात चांदवली पॅटर्न राबवायचा म्हणतात. तेवढी तुमची हस्तांतरणाची सही झाली की...”

सही मी केली नाही. सबबी सांगितल्या, रंग वाळला नाही म्हटलं.

घरी आत्या मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होती. मी सांगितलं, “तुझ्या घशाला काही झालेलं नाही. भिंतीनं आवाज गिळला.”

“भिताड कसं गिळंल? काय गिधाड हाय?” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “वय झालं माझं, रेवे. त्या गुळवे मास्तरांचा आवाज पोचला की सगळ्यास्नी.”

पोचला होता, कारण निवृत्त गुळवे मास्तरांनी सवयीप्रमाणे सुरुवातीला साहेबांचे आभार मानले होते. आभार घंटेसारखे स्वच्छ वाजले. ही बातमी हां हां म्हणता पसरली. आधी गोड बोलायचं, मग आवाज लागतो. कचेरीबाहेरचा चहावाला तर चहाबरोबर प्रास्ताविकही शिकवू लागला.

जुलैमध्ये आत्यासुद्धा इस्त्रीची साडी नेसून, पाठ करून गेली. “सन्माननीय जिल्हाधिकारी साहेब,” तिचा आवाज लख्ख घुमला आणि तिचा चेहरा खुलला. “आपण आमच्या खोलेवाडीकडं आपुलकीनं लक्ष देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तरी आमच्या उपकेंद्राच्या...” इथं तिच्या आवाजाला धार आली, आणि तिथंच तो संपला. तोंड हलत राहिलं. व्यासपीठावर सगळे आभारांनी सुखावून हसत होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नंतर निकाल कळला: अर्जदार समाधानी, तक्रार निकाली. त्या दिवशी एकूण एक तक्रार अशीच निकाली निघाली होती.

त्यानंतर आत्या घरी बोलेनाशी झाली. घसा तपासून आणला, धडधाकट निघाला. सकाळचा चहा शांत, संध्याकाळची भाकरी शांत. सुरुवातीला, खरं सांगते, मला बरं वाटलं. नकाशे भराभर झाले. मग एका संध्याकाळी तवा जळत होता आणि ती त्याच्याकडे नुसती बघत उभी होती. मी गॅस बंद केला.

“वाडीतल्या पार्वतीच्या सुनेला नववा लागलाय,” ती हळूच म्हणाली. “जाऊ दे. आपलं कोण ऐकतंय.”

मला इतका संताप आला की तवाच फेकावासा वाटला. भिंतीचा आला, नलवड्यांचा आला, तथास्तुचा आला. एका बाईनं आयुष्यभर घाटावरच्या पोरी बाळंतपणातून सोडवल्या, आणि मी लावलेल्या अस्तरानं तिला गप्प बसवलं होतं.

इरफानला विचारलं, “पुन्हा शिकवता येईल?”

“सही होईपर्यंत येईल,” तो म्हणाला. “पण एकदाच. आणि खरं भांडण लागेल. नाटक चालणार नाही, तिला कळतं.”

साहेबांकडून ऑगस्टच्या लोकशाही दिनासाठी ‘अंतिम चाचणी’ मंजूर करून घेतली. “फक्त गोंधळ नको,” ते म्हणाले. भांडण शिकवायच्या दिवशी गोंधळ नको. मी हो म्हटलं. सरकारात आधी हो म्हणायचं असतं.

त्या सोमवारी इरफाननं विझवणं बंद ठेवलं. भिंती फक्त ऐकणार होत्या. कोणाचाही आवाज गिळला जाणार नव्हता, नुसतं उठून तक्रार मांडायची होती. हॉल भरलेला होता, आत्या तिसऱ्या रांगेत होती, मी आणि इरफान खांबाशी त्याचा टॅब घेऊन उभे.

पहिला माणूस उठला. “सन्माननीय व्यासपीठ, आपल्या कार्यक्षम नेतृत्वाखाली...” तो छान बोलला, हात जोडले आणि खाली बसला. तक्रार काढलीच नाही. दुसरी बाई तशीच. तिसरा तसाच. पुढचं कुणाला ऐकू जात नाही हे दोन महिन्यांत सगळ्यांना पाठ झालं होतं. मग घसा का शिणवायचा?

“मॅडम,” इरफान टॅबकडे बघत म्हणाला, “हे पुन्हा तेच शिकतंय.”

मी रांगांतून फिरले. कानाशी लागून सांगितलं, “आज ऐकू जाईल, भांडा.” लोक ओशाळं हसले. एकजण म्हणाला, “कशाला उगं, ताई? साहेब चांगले हायत.” आत्या उठली. ऋणी असल्याचं सांगितलं. ‘तरी’ म्हणाली, तिथं अडखळली आणि बसली.

माझं डोकं फिरलं.

“काय चाललंय काय हे?” मी ओरडले. हॉलच्या मधोमध, पायात सँडल, हातात मोजपट्टी. “कसले आभार मानताय? रस्ते नाहीत म्हणून, की नळाला पाणी नाही म्हणून? आणि तुम्ही, साहेब, निकाली काय काढता? तुम्हाला एक अक्षर ऐकू आलेलं नाही दोन महिन्यांत. भिंतींना तुमची स्तुती ऐकायची सवय लावलीये या नलवड्यांनी. वास्तू म्हणे तथास्तु म्हणते. म्हणाली ना. घ्या आता.”

“मॅडम, प्लीज,” नलवडे उठले.

“बसा. ही माझी आत्या. हिच्या वाडीतल्या बायका घाटात बाळंत होतात. का? तर उपकेंद्राचं छप्पर पडायला आलंय, भिंतींना भेगा गेल्यात, आणि तुम्हाला ती इमारत दुरुस्त करायला...”

“छप्पर न्हाई पडलेलं.”

मी थांबले. आत्या उभी होती.

“काय?”

“छप्पर धडधाकट हाय,” ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला, तोच, वाडीला हाक मारणारा. “एक भेग दाखव मला त्या खोलीत. एक. स्लॅब नवा, फरशी नवी, बाळंतपणाचं टेबल कोरं करकरीत. मोडकी हाय ती मागची, औषधाची जुनी खोली. धोकादायक तिला ठरवलं आणि कुलूप हिला घातलं. इंजिनिअर आला तवा पुढच्या दारातच चहा पिऊन माघारी फिरला, मागं गेलाच न्हाई. दुरुस्ती कोण मागतंय? मला एक रुपाया नको. कुलूप चुकलंय, ते काढा, एवढंच. पार्वतीची सून कवाबी अडंल, तिला घाटात घालू नका.”

हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. कुणी खोकतही नव्हतं. कलेक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“नलवडे,” ते म्हणाले, “कुलूप कोणत्या खोलीला आहे?”

“साहेब, आपल्या मार्गदर्शनाखाली विभागानं सर्व इमारतींची...”

“कोणत्या खोलीला?” हे साहेब नव्हते विचारत. तिसऱ्या रांगेतला, थोड्या वेळापूर्वी आभार मानून बसलेला माणूस उभा राहिला होता. मग त्याच्या मागची बाई उठली. “आमच्या शाळेचंबी असंच केलंय,” ती म्हणाली. आणखी दोघं उठले, मग सात-आठ, मग मी मोजायचं सोडलं. चढे, तुटके, एकमेकांच्या पायात पाय घालणारे आवाज छतापर्यंत गेले. साहेब मोठ्यानं सांगत होते की उद्या मी स्वतः किल्ली घेऊन खोलेवाडीला जातो, आणि आता एकेकानं बोला. एकेकानं कोण बोलतंय? इरफाननं टॅब माझ्यापुढे धरला. पडद्यावरच्या रेघा उभ्या-आडव्या नाचत होत्या आणि तो पहिल्यांदाच हसत होता.

नलवडे गर्दीतून माझ्यापर्यंत आले. “मॅडम, हे काय शिकवताय भिंतींना? सकाळचं होतं तेवढ्यावर बंद करा आणि सही करा.”

“शिकू दे,” मी म्हटलं.

आत्या माझ्या समोर आली. तिचा श्वास लागला होता, पदर खांद्यावरून घसरला होता. आता शाबासकी मिळेल असं मला वाटलं.

“छप्पर पडायला आलंय म्हणं,” ती म्हणाली. “आज तुझं ऐकून खरंच धोकादायक लिवलं असतं ह्यांनी. पाडूनच टाकली असती खोली. रोज सकाळ-संध्याकाळ तुला सांगतीय मी, रेवे. ह्या भिंतींचं सोड. तू तरी कधी ऐकलंस?”

भोवती सगळे भांडत होते. मी तिला हाताला धरून रिकाम्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्या पायाशी खाली फरशीवर बसले.

“आता सांग,” मी म्हटलं. “पहिल्यापासून सांग.”

तिनं माझ्याकडे रागानं बघितलं. मग पदर सावरून सांगू लागली.